आईच्या वयाची

तनुजा परचुरेच्या छातीत पहिल्यांदा धडधडलं तेव्हा ती इस्त्री करत होती. रविवारची सकाळ होती. कोथरूडमधल्या तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खालच्या मैदानावरून क्रिकेट खेळणाऱ्यांच्या आरोळ्या येत होत्या. कुर्त्याची बाही सरळ करता करता तिच्या आत काहीतरी घसरलं. जिना उतरताना शेवटची पायरी लक्षात येऊ नये आणि पाय एकदम खाली जावा, तसं. क्षणभर सगळं थांबल्यासारखं वाटलं आणि मग हृदय जे धावत सुटलं ते थांबेचना. मानेतली शीर उडत होती. कपाळावर, पाठीवर, ओठांच्या वर घाम फुटला. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली.

कुणाला तरी फोन करावा असं तिला वाटलं. मोबाइलवर नावं पुष्कळ होती. नळ दुरुस्त करणारा, सोसायटीचे सेक्रेटरी, ऑफिसमधली मंडळी, दूधवाला. दिगूदादाचंही नाव होतं. पण दादा या वेळी दुकानात असणार, आणि त्याला काय सांगायचं? ‘दादा, धडधडतंय’? गेल्या भाऊबीजेनंतर दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. भांडण नव्हतं. भांडायला निदान जवळीक तरी लागते.

ती रिक्षा करून जवळच्या हॉस्पिटलात गेली. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करताच विचारलं, “बरोबर कोण आहे?”

“मीच आहे.”

“तसं नाही. पेशंटबरोबर कोण आहे?”

“मीच पेशंट आहे आणि मीच बरोबर आहे.”

बाईंनी आता चष्म्यावरून पाहिलं. “असं होय. मग पेशंटला त्या खुर्चीत बसवा आणि तुम्ही इकडे या.”

दुसऱ्या एखाद्या दिवशी तनुजा यावर मनापासून हसली असती. अजूनही तिला थोडं हसू आलंच, पण ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं आणि सांगायला कुणी नसलं की हसू आतल्या आत विरून जातं.

ईसीजी काढेपर्यंत धडधड पार थांबली होती. तरुण डॉक्टरांनी कागदाची पट्टी वर धरून पाहिली.

“छान आहे. काही नाही. टेन्शन घेता का?”

“घेते की. सगळेच घेतात.”

“घरी कोण कोण असतं?”

“मी.”

डॉक्टरांनी रोग सापडल्यासारखी मान हलवली. पित्ताची गोळी लिहून दिली, योगासनं करायला सांगितली आणि कशात तरी मन रमवा म्हणाले. तनुजा घरी आली. अर्धवट इस्त्री झालेला कुर्ता तिनं तसाच घडी घालून ठेवून दिला.

मन रमवायची खरं तर तिला वेगळी गरज नव्हती. खराडीच्या एका कंपनीत ती यंत्रांची माहितीपत्रकं लिहायची. हे बटण कशासाठी, तो दिवा लाल झाला तर काय करायचं, यंत्राचा आवाज बदलला तर आधी काय तपासायचं. सकाळी वनाझहून मेट्रो, पुढे रामवाडीहून कंपनीची बस, संध्याकाळी तेच उलटं. लग्न राहून गेलं होतं. का, ते आता तिला नीटसं आठवतही नव्हतं. दोन-तीन स्थळं आली, एक होता होता राहिलं, मग बाबांचं आजारपण आलं, आणि बाबा गेल्यावर पाहते तर विचारणारं कुणी उरलं नव्हतं. त्याचं दुःख तिनं केलं नाही. स्वतःचं घर होतं, कामात मान होता, वाचायला पुस्तकं होती. एकटेपणाची तिला सवय झाली होती.

धडधडीची मात्र होईना. ती पुन्हा आली. मेट्रोत उभी असताना आली. एकदा मीटिंगमध्ये, समोर पडद्यावर तक्ते सरकत असताना आली, तेव्हा तिनं टेबलाखाली स्वतःचंच मनगट घट्ट धरून ठेवलं आणि चेहरा सरळ ठेवला. कधी नुसताच एखादा ठोका चुकायचा आणि पुढचा छातीवर आतून थाप मारल्यासारखा पडायचा. कधी आधी कानशिलं तापायची, अंगातून उष्णतेची लाट वर चढायची आणि तिच्या मागोमाग हृदय पळू लागायचं. दर वेळी तनुजाच्या मनात एकच गोष्ट यायची, आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तिची आई गेली तेव्हा सत्तेचाळीस पूर्ण करून अठ्ठेचाळिसाव्या वर्षात होती. तनुजाला नुकतंच अठ्ठेचाळिसावं लागलं होतं.

आई गेली तेव्हा तनुजा नववीत होती. तिला काही दिवस आत्याकडे साताऱ्याला पाठवलं होतं, आणि परत आणलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. घरात पाहुणे होते, आईच्या खाटेवरची गादी काढलेली होती, आणि बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. “हार्ट,” एवढंच कुणीतरी स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाला तरी म्हणालं होतं. तिला कुणी काही सांगितलं नाही. पुढे बाबांनी आईचा विषयच बंद केला आणि दादानं तो बंद ठेवला. तनुजाच्या गाठीला तेवढा एक शब्द राहिला. इतकी वर्षं तो निमूट पडून होता. आता मात्र तो रोज तिच्या बरोबर मेट्रोत चढत होता.

शेवटी सोसायटीतल्या कुणीतरी नाव सांगितलं म्हणून ती डॉक्टर भाग्यश्री इंगोले यांच्याकडे गेली. या बाई मूळच्या अकोल्याच्या. शिकायला पुण्यात आल्या आणि इथेच राहिल्या. दवाखाना छोटा होता, आणि विशेष म्हणजे त्यांना घाई नव्हती. तनुजानं सगळं सांगितलं. पहिल्या डॉक्टरांचा कागद दाखवला.

“टेन्शन,” इंगोले बाईंनी वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. “असेलही. पण आधी मला सांगा ताई, पाळी कशी आहे?”

तनुजा गोंधळली. धडधडीचा आणि त्याचा काय संबंध? “आता... अशीच. दोन-दोन महिने येत नाही. आली की मग थांबत नाही. वयच झालं ना.”

“खूप जाते?”

“हो. दमायला होतं.”

“झोप?”

“लागते, पण मोडते. घाम येतो.”

“हे तुम्हाला आधी कुणी विचारलं होतं?”

“नाही.”

“तुम्ही सांगितलं होतं?”

“नाही,” तनुजा म्हणाली. “ईसीजी काढणाऱ्या डॉक्टरांना हे कशाला सांगायचं?”

डॉक्टर हसल्या, पण चेष्टेनं नाही. “पाळी जायच्या आधीची काही वर्षं असतात ना, तेव्हा अंगातलं इस्ट्रोजेन नुसतं कमी होत नाही. ते वर-खाली होतं, झुल्यासारखं. हृदयाला ठोक्याचा इशारा देणाऱ्या ज्या नसा असतात, त्या त्यानं हळव्या होतात. मग काही कारण नसताना धडधडतं, मधेच ठोका चुकल्यासारखा वाटतो, गरम वाफ आली की हृदय पळतं. कितीतरी बायकांना होतं. हे मनाचे खेळ नाहीत. तुम्हाला वाटतं ते खरोखर होत असतं.”

‘खरोखर होत असतं’ एवढे तीन शब्द तनुजाला कुणीतरी म्हणायला हवे होते, हे तिला आत्ता कळलं.

“पण,” डॉक्टर पुढे म्हणाल्या, “वय झालं म्हणून सगळं त्याच खात्यावर टाकून मी मोकळी होणार नाही. रक्त कमी असलं तरी धडधडतं, थायरॉइड बिघडलं तरी धडधडतं. ते बघू. हृदयाची सोनोग्राफी करू, आणि एक यंत्र दिवसभर अंगावर लावू. आणि चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, दम लागला, तर मात्र वाट पाहायची नाही, सरळ हॉस्पिटलात जायचं. बरं, घरात कुणाला हृदयाचं काही?”

“आई,” तनुजा म्हणाली. “माझ्याच वयाची होती. हार्ट अटॅक असावा.”

“असावा म्हणजे?”

“मला माहीत नाही. कुणी सांगितलं नाही.”

इंगोले बाईंनी पेन खाली ठेवलं. “सांगू शकेल असं कुणी आहे?”

“एक भाऊ आहे.”

“लांब असतो?”

“नारायण पेठेत,” तनुजा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला लाज वाटली.

दिगंबर परचुरेंचं दुकान एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. भाजणी, मेतकूट, सांडगे, कुरडया. वर दुसऱ्या मजल्यावर घर. तनुजा संध्याकाळी गेली तेव्हा दादा एका गिऱ्हाइकाला सांगत होता, “काकू, थालीपीठ तव्याला चिकटलं यात भाजणीचा दोष नाही. तव्याला विचारा.” काकू तणतणत गेल्या. दादानं तिला पाहिलं. तो दहा वर्षांनी मोठा होता. केस सगळे पांढरे झालेले. दर भाऊबीजेला पाहूनही ते कधी झाले, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

“आज कोणता सण?” तो म्हणाला.

“सण नाही. तुला काही विचारायचंय.”

“फोन असतो.”

“फोनवर विचारण्यासारखं नाही.”

त्यानं स्टूल पुढे सरकवलं. तनुजा बसली. मेतकुटाचा खमंग वास भोवती दरवळत होता. कसं सुरू करावं हे तिनं मेट्रोत ठरवून ठेवलं होतं, ते सगळं ती विसरली.

“आई कशानं गेली?”

दादाच्या हातात रिकामी पिशवी होती. ती त्यानं दोनदा झटकली, पुन्हा घडी घातली. “हे आज कुठून काढलंस?”

“मला धडधडतं, दादा. गेले काही महिने. डॉक्टर विचारतात, आईला काय झालं होतं. मला सांगता येत नाही. मी तिच्याच वयाची झालेय.”

त्यानं मान वर करून पाहिलं, बहुधा बऱ्याच वर्षांनी नीट पाहिलं. मग उठला, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, आणि परत येऊन बसला.

“तिची झडप खराब होती,” तो म्हणाला. “हृदयातली. लहानपणी तिला ताप आला होता. सांधे सुजले होते म्हणे, गावाकडे कुणी नीट औषध केलं नाही. त्या तापानं झडप आखडली. तुझ्या वेळेला दिवस गेले तेव्हाच डॉक्टर बाबांवर ओरडले होते. नंतर ऑपरेशन करा म्हणाले. ती करू देईना.”

“का?”

“भीती. आणि तू लहान होतीस. आज करू, उद्या करू. शेवटचं वर्षभर तर तिला जिना चढवत नव्हता. तुला आठवत नाही? आपण बाजारातून आलो की ती खालीच थांबायची.”

तनुजाला आठवलं. आई जिन्यापाशी पिशवी टेकवून उभी राहायची. वरून कुणी हाक मारली तर “आले, आले, जरा बोलतेय” म्हणायची. कुणाशी बोलतेय, असा प्रश्न त्या वेळी पडला नव्हता.

“हे मला कुणी सांगितलं का नाही?”

“तिनंच नको सांगितलं. शपथ घातली होती बाबांना आणि मला. घरात हृदयाचं दुखणं आहे असं बाहेर गेलं तर मुलीचं लग्न व्हायला अडचण होईल म्हणाली.”

बाहेरून कुणीतरी शटरवर थाप मारली. “बंद आहे!” दादा ओरडला.

“लग्न तर झालंच नाही,” तनुजा म्हणाली.

“हो. तेवढी एक शपथ वाया गेली.”

ती हसली आणि त्याच दमात तिला रडू आलं. दादाला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच कळलं नव्हतं. तो उठून पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तिच्या हातात न देता शेजारी ठेवून दिला.

“बाबा गेल्यावर तरी सांगायचं होतंस.”

“तू विचारलं नाहीस.”

“तू विषय काढू दिला असतास?”

त्यानं मघाची पिशवी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, “शेवटी मी होतो तिच्याजवळ. बाबा औषध आणायला गेले होते. मी चोवीस वर्षांचा होतो, तनू. त्याबद्दल बोलायचं म्हटलं की अजून जीभ जड होते.”

पुढच्याच आठवड्यात ते यंत्र लावलं. छातीवर चिकटपट्ट्या, त्यांतून निघालेल्या तारा, आणि कमरेला काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. धडधडलं की डबीवरचं बटण दाबायचं. अंघोळ करायची नाही, बाकी नेहमीसारखंच वागायचं. तनुजा नेहमीसारखी खराडीला गेली. सैल कुर्त्याखालून डबीचा फुगवटा दिसत होता, आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं हे तिनं योजून ठेवलं होतं.

कुणी विचारलं नाही. मेट्रोत शेजारच्या माणसाचा कोपर तारेला लागला, तो “सॉरी” म्हणून मोबाइलमध्ये परत गेला. ऑफिसात ती तीन मीटिंगांना बसली. कँटीनमध्ये तिच्या टेबलावर चौघं जण जेवले. दुपारनंतर एकदा लाट आली, कानशिलं तापली, हृदय पळू लागलं आणि तिनं सगळ्यांदेखत बटण दाबलं, तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. फक्त संध्याकाळी निघताना स्वराली नावाची नवीन आलेली मुलगी म्हणाली, “मॅम, नवीन फिटनेस ट्रॅकर का? मस्त आहे. कुठला ब्रँड?”

“डॉक्टरांनी दिलाय,” तनुजा म्हणाली.

“वॉव, सो कूल,” स्वराली म्हणाली, आणि तिची बस आली म्हणून पळाली.

रिपोर्ट घ्यायच्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर दिगूदादा उभा होता. तनुजानं त्याला वेळ सांगितली होती, ये म्हटलं नव्हतं. तो आत येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. भिंतीवरच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या. “‘कृपया शांतता राखा’ लिहून वर टीव्ही लावलाय,” एवढंच बोलला.

“हा माझा भाऊ. बरोबर आलाय,” आत गेल्यावर तनुजा डॉक्टरांना म्हणाली. ते वाक्य म्हणताना तिला उगीचच मोठं काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं.

इंगोले बाईंनी रिपोर्ट उलगडले. झडपा चारही चांगल्या आहेत, म्हणाल्या. आईचा आजार तापातून आलेला होता, तो असा लेकीकडे वारशानं येत नाही. यंत्रात दिसलं ते असं की मधून मधून एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग जरा थांबा होतो आणि पुढचा ठोका जोरात पडतो. तीच ती आतून थाप. बटण दाबलं तेव्हा हृदय जलद चाललं होतं, पण ताल सरळ होता. घाबरण्यासारखं काही नाही. थायरॉइड ठीक आहे. हिमोग्लोबिन मात्र बरंच उतरलंय, पाळीत इतकं जातं त्यामुळे. त्यानंही धडधड वाढते. लोहाच्या गोळ्या सुरू करू. पाळीचं काय करायचं ते बघायला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवते, हॉर्मोनच्या औषधांबद्दलही त्यांच्याशी बोला. कॉफी कमी करा.

“म्हणजे जाईल हे?” दादानं विचारलं.

“कमी होईल. पाळी पूर्ण गेल्यावर बहुतेकींना बराच आराम पडतो. तोवर अधूनमधून येईल.”

“आणि आलं तर तिनं काय करायचं?”

“बसायचं. सावकाश श्वास सोडायचा. जाईल याची खात्री ठेवायची.”

बाहेर आल्यावर दादा स्कूटरपाशी घुटमळला. “बरं झालं,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं...” पुढचं वाक्य त्यानं हेल्मेटमध्ये घालून टाकलं. “रविवारी जेवायला ये. आईचं काही विचारायचं असेल तर सांगतो. आठवतं तेवढं.”

तनुजा घरी गेली. तिला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल, आणि वाटलंही. पण दोन दिवस गेले आणि एक विचित्र गोष्ट तिच्या लक्षात आली. घर जास्तच रिकामं झालं होतं. इतके महिने ती आईच्या मरणाबरोबर राहत होती. सकाळी उठल्यावर ते असायचं, जिना चढताना असायचं, जेवताना समोर बसायचं. भयंकर होतं, पण होतं. आता संध्याकाळी कुलूप उघडून आत आलं की नुसती भांडी, नुसता पंखा, नुसता मैदानावरचा आवाज. एकदा दिवेलागणीला धडधड आली. ती खुर्चीत बसली, सावकाश श्वास सोडला. थोड्या वेळानं धडधड निघून गेली. ‘गेली बघ,’ असं ती मोठ्यानं म्हणाली आणि आपलाच आवाज ऐकून दचकली.

रविवारी ती नारायण पेठेत गेली. दार श्यामलावहिनींनी उघडलं.

“अगं, हे तर तळेगावला गेले. मित्राच्या मुलाची मुंज आहे, सकाळी आठवलं त्यांना. तुला फोन केला नाही?”

“नाही.”

“करणार नाहीतच.” वहिनींनी उसासा सोडला. “ये. जेवण तर आहेच.”

परत फिरावं असं तनुजाला वाटलं. वहिनींशी तिचं नातं भाऊबीजेच्या ताटापुरतंच होतं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या शांत, कामात बुडालेल्या, प्रश्न न विचारणाऱ्या बाई होत्या. पण दार उघडं होतं, आणि परत जायचं तर त्याच रिकाम्या घरात. ती आत गेली. दोघी स्वयंपाकघरात बसून जेवल्या. आमटी, भात, तोंडलीची भाजी, भाजणीची वडी.

“ह्यांनी सांगितलं तुझं,” वहिनी मधेच म्हणाल्या. “झडपा चांगल्या आहेत म्हणे.”

“हो. पाळीचं आहे सगळं. वयाचं. हॉर्मोन वर-खाली होतात, त्यानं ठोके चुकल्यासारखे वाटतात.”

वहिनींचा हात भातात तसाच राहिला. “त्यानं होतं?”

“हो.”

“आधी आत काहीतरी घसरतं, आणि मग पळत सुटतं? आणि अंगाला घाम?”

तनुजानं त्यांच्याकडे पाहिलं. “वहिनी, तुम्हाला होतं?”

“आता नाही. पन्नाशीच्या आसपास दोन-तीन वर्षं होतं.” वहिनी ताटाकडे बघत बोलत होत्या. “दुकानात मागच्या खोलीत डाळींची पोती असायची. झालं की मी तिथे जाऊन बसायची. गिऱ्हाईक आलं तर आतूनच ‘आले’ म्हणायची. मी तर धरूनच चालले होते की आता जायचं. एक दिवस कपाट आवरून ठेवलं, चांगल्या साड्या वेगळ्या काढल्या. म्हटलं, मागच्यांना शोधाशोध नको.”

“डॉक्टरकडे गेला नाहीत?”

“डॉक्टरकडे जायचं तर सांगायला लागणार.”

“दादाला सांगितलं नाहीत?”

“ह्यांना?” वहिनी जरा हसल्या. “लग्न झाल्या वर्षी एकदा ह्यांनी आईंचं सांगितलं होतं. एकदाच. सांगताना काय थरथरत होते. त्यांच्या पुढ्यात त्यांची आई गेली, आणि मी जाऊन म्हणू, मलाही धडधडतं? मरू दे म्हटलं. गेले तर गेले, नाही तर नाही.”

“आणि मग?”

“मग काय, पाळी गेली आणि मागोमाग तेही गेलं. मला वाटलं, देवानं ऐकलं.” त्यांनी तनुजाच्या ताटात न विचारता आमटी वाढली. “हॉर्मोन म्हणालीस का? मेलं एवढंच होतं ते.”

या घरात माणसं होती, गिऱ्हाइकांची ये-जा होती, वर-खाली हाका होत्या, आणि त्यात ही बाई डाळींच्या पोत्यांवर बसून मरणाची वाट पाहत होती. पुढे दुकानात तिचा नवरा तव्यावरून काकूंशी वाद घालत असेल. आणि त्याच काळात दर भाऊबीजेला तनुजा इथे येऊन, ओवाळून, ताट संपवून, “बरं आहे ना सगळं?” विचारून जात होती. वहिनी म्हणत होत्या, “बरं आहे.”

“वहिनी,” ती म्हणाली, “तुम्हाला खूप भीती वाटली असेल.”

वहिनींनी पदरानं डोळे नाही, कपाळ पुसलं. “वाटली गं,” त्या म्हणाल्या. “असं विचारलं नव्हतं कुणी.”

जेवणं झाली. तनुजानं भांडी घासायला घेतली, वहिनी “राहू दे, राहू दे” म्हणत विसळू लागल्या. फार बोलणं झालं नाही. बोलायची सवय दोघींनाही नव्हती, ती एका दुपारीत येणार नव्हती. वहिनींनी एकदा विचारलं, लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडतं का. तनुजा म्हणाली, जरा बिघडतं. वहिनी म्हणाल्या, लिंबाबरोबर घे. मग खालून कुणीतरी मेतकूट मिळेल का म्हणून हाक मारली, आणि वहिनी हात पुसत खिडकीशी गेल्या.

“आज बंद आहे,” त्या खाली पाहून म्हणाल्या. “घरी पाहुणी आहे.”